शिशिर सरताना : आमच्या शिवारातील ऋतुपालट

वसंत ऋतू नेमका केव्हा सुरू होतो, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा आहे. प्राथमिक शाळेत आपण सर्वांनीच सहा ऋतूंची नावे व त्यांचे महिने पाठ केलेले असतात. त्या पाठांतराप्रमाणे माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर आणि चैत्र-वैशाख म्हणजे वसंत. पण मग वसंतपंचमी माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे ऐन शिशिरात, कशी येते? पंचांग उघडावे तर फेब्रुवारीच्या १८ किंवा १९ तारखेजवळ 'सौर वसंत ऋतूचा प्रारंभ' असे बारीक अक्षरांत छापलेले आढळते. बंगालमध्ये तर फाल्गुन-चैत्र हेच वसंताचे महिने मानतात. आपले चांद्र महिने ऋतूंच्या मानाने मागेपुढे सरकत असतात व अधिक मास घालून त्यांना पुन्हा जागेवर आणावे लागते, हे या गोंधळाचे एक कारण होय. २०२१ साली गुढीपाडवा १३ एप्रिलला होता, तर २०२३ साली २२ मार्चला. एकाच चैत्राच्या आरंभात तीन आठवड्यांचे अंतर!

आमच्या गावात हा वाद कधीच उद्भवत नाही, कारण तेथे वसंत ऋतू हा शब्दच कोणी वापरत नाही. वसंत नावाचे दोन-तीन इसम गावात आहेत, तेवढाच काय तो वसंत. माझे गाव सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला. तेथे थंडी ओसरू लागल्यापासून ऊन तापेपर्यंतच्या काळाला हुरडा, सुगी, शिमगा अशी नावे आहेत. म्हणजे कालगणना फुलांवरून नव्हे, तर पोटावरून व कामावरून होते. या दोन प्रकारच्या नावांत जे अंतर आहे त्याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

आमच्याकडची ज्वारी ही रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची पेरणी होते. पुढे पाऊस जवळजवळ नसतोच. भारी काळी जमीन पोटात जी ओल धरून ठेवते, तिच्यावर आणि थंडीवर हे पीक उभे राहते. 'मालदांडी' हा आमच्या भागाचा वाण सर्वदूर प्रसिद्ध आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारे लोकांसाठी खुली केली ती याच मंगळवेढ्यात, असे परंपरा सांगते. कोठारात अर्थात ज्वारीच असणार!

पौष संपता संपता कणसात दाणा भरतो. तो दुधाळ अवस्थेतून थोडा घट्ट होतो, पण अजून कोवळा, हिरवाच असतो. हा हुरडा. एका शेतात ही अवस्था फार तर आठ-दहा दिवस टिकते, नंतर दाणा टणक होतो. म्हणूनच हुरड्याला घाई असते. शेताच्या कडेला लहानसा खड्डा करून त्यात शेण्या पेटवतात, त्याला आगटी म्हणतात. जाळ विझून लाल निखारे उरले की त्यात कणसे खुपसायची. भाजलेले कणीस तळहातांत घेऊन चोळायचे, फुंकर मारून भुसकट उडवायचे व गरम दाणे समोरच्याच्या हातावर ठेवायचे. येथे 'समोरच्याच्या' हा शब्द मी मुद्दाम वापरते. चोळणाऱ्याचे हात राखेने काळे होतात, चटके बसतात आणि त्याचा स्वतःचा घास नेहमी शेवटी येतो. सोबत शेंगादाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, असल्यास दही. गूळभेंडी नावाची ज्वारी खास हुरड्यासाठीच शेताच्या एखाद्या कोपऱ्यात पेरण्याची पद्धत आहे. तिचा दाणा गोड असतो व बोंडातून सहज सुटतो.

याच दिवसांत हरभरा घाट्यांनी भरलेला असतो. पहाटेच्या दवात त्याच्या पानांवर आंबट पाणी साठते. आमच्याकडे त्याला आंब म्हणतात. माझी आजी पहाटे हरभऱ्यावरून स्वच्छ धुतलेले पांढरे फडके फिरवून ते पिळून घेई व बाटलीत भरून ठेवी. पोट दुखले की चमचाभर आंब, हे आमच्या घरचे औषध होते. त्या आंबटपणाला मॅलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले कारणीभूत असतात, हे मला पुढे पुस्तकातून कळले. आजीला ती नावे ठाऊक नव्हती; पण उन्हे वर आली की आंब मिळत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

आता एका पक्ष्याविषयी. हिवाळ्यात आमच्या शिवारावर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या पाखरांचे प्रचंड थवे उतरतात. पूर्व युरोप व मध्य आशियाकडून ती येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. संध्याकाळी झोपण्याच्या झाडांकडे निघालेला थवा आकाशात एखाद्या धुरासारखा वळतो, पसरतो, पुन्हा गोळा होतो. शहरातील पक्षिमित्र तो पाहण्यासाठी मुद्दाम येतात. हा पक्षी पळसाच्या फुलांतील मध पिताना दिसतो, म्हणून पुस्तकांत त्याला पळसमैना असे सुंदर नाव आहे. आमच्याकडे त्याचे नाव भोरडी. भोरड्या आल्या म्हणजे ज्वारी गेली, असा त्या नावाचा अर्थ. शेतात उंच माळा बांधून, गोफण घेऊन, पत्र्याचे डबे वाजवून दिवसभर त्यांना हाकलावे लागते. माळ्यावर बसविलेल्या मुलाची त्या महिन्यातील शाळा बुडते, ती या भोरड्यांमुळेच. एकच पाखरू, परंतु पळसाखाली उभे राहणाऱ्याला ते पळसमैना दिसते आणि माळ्यावर बसणाऱ्याला भोरडी. तरीही खरे सांगायचे तर माळ्यावरच्या पोरालाही तो संध्याकाळचा थवा आवडतो. गोफण खाली ठेवून तो बघत राहतोच.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला येथे एक शंका येते. आपल्या काव्यातील वसंत हा आम्रमोहोराचा, कोकिळेचा व विरहाचा वसंत आहे. मग शेतात राबणाऱ्याचा वसंत आपल्या वाङ्मयात आलाच नाही काय? प्राचीन वाङ्मयाच्या तासाला आमच्या सरांनी 'गाथासप्तशती'चा परिचय करून दिला, तेव्हा या शंकेला काहीसे उत्तर मिळाले. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातील गाथासंग्रह. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठीत आणला. त्यात 'हालिक', म्हणजे नांगर धरणारा शेतकरी, वारंवार येतो. त्याची बायको येते, राखणीची शेते येतात. फाल्गुनाच्या उत्सवात अंगाला चिखल फासण्याचा उल्लेखही त्यात आहे. मला हे वाचून फार नवल वाटले. आमच्या गावात होळीच्या दुसऱ्या दिवशी धुळवडीला आजही राख आणि चिखलच खेळतात. रंग पंचमीला येतो, तोही अलीकडे विकतचा. चिखल मात्र फुकट असतो व सर्वांना पुरतो. जी गोष्ट आम्ही गावंढळ म्हणून कॉलेजात सांगत नाही, ती सातवाहनांच्या काळातील ग्रंथात सापडावी, ही काही लहान गोष्ट नव्हे. दुर्गाबाई भागवतांनीही 'ऋतुचक्र' या १९५६ सालच्याच पुस्तकात महिन्यामहिन्याने निसर्ग पाहिला. सहा ऋतूंच्या सहा ठरीव चौकटींपेक्षा ही मांडणी आमच्या गावच्या गणनेला अधिक जवळची वाटते.

शिवरात्रीला कवठे व रताळी येतात, थंडी शिव शिव म्हणत जाते अशी समजूत आहे, आणि सुगी सुरू होते. रब्बी ज्वारी आमच्याकडे कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कारण कडबा जितका लांब तितका चांगला आणि जनावरांसाठी कडब्याचे मोल धान्याच्या बरोबरीने असते. ओल संपून भेगाळलेल्या जमिनीतून ताट उपटताना पहिल्या दोन दिवसांतच हाताला फोड येतात. बायका आपापली पात धरून ओळीने पुढे सरकतात. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, अशी मोजणी चालते. मागून कणसे खुडायची, मग खळे, मग मळणी. मळणी आता यंत्रावर होते. दिवसभराचे काम तासा-दोन तासांत उरकते, याबद्दल कोणाची तक्रार नाही.

आमची स्वतःची जमीन नाही. माझी आई दुसऱ्याच्या रानात सुगीला जाते. ती सांगते की, तिच्या लहानपणी काढणीची मजुरी कणसांत मिळे. संध्याकाळी डोक्यावर कणसांचे ओझे घेऊन घरी येताना वर्षाची भाकरी घरी चालली आहे असे वाटे. आता मजुरी रोख मिळते व ज्वारी दुकानातून आणावी लागते. हिशेबाला दोन्ही सारखे असेल कदाचित. आईला ते सारखे वाटत नाही. काढणीनंतर रानात पडून राहिलेली कणसे वेचण्याला सरवा म्हणतात. तो वेचण्याचा हक्क गरीब बायकांचा, असा रिवाज होता. सरव्याच्या ज्वारीवर नवरा किंवा सासू हक्क सांगत नसे. बायका ती विकून बांगड्या भरत, मुलांना शिमग्याच्या बाजारात साखरेच्या गाठी घेत. मूठभर धान्यातले हे स्वातंत्र्य कोणत्याही ऋतुवर्णनात मला आढळले नाही. दहावीपर्यंत मीही सरवा वेचला आहे. आता परीक्षा नेमक्या सुगीतच येतात. त्यामुळे आईच्या शेजारची पात दुसरे कोणी धरते व तेवढा रोज आमच्या घरात येत नाही. त्याबद्दल आई काही बोलत नाही. 'पेपर कसा गेला?' एवढेच विचारते.

हुरड्याचेही रूप बदलले आहे. पूर्वी वाटेने जाणाऱ्याला हाक मारून हुरड्याला बसवीत; कोणी पैसे विचारले असते तर लोक हसले असते. आता हमरस्त्याच्या कडेला हुरडा पार्टीचे फलक लागतात व माणशी दर ठरलेला असतो. यावर नुसती टीका करणे मला बरोबर वाटत नाही. ज्वारी पिकवून जे हाती येत नाही ते हुरड्याने येत असेल, तर शेतकऱ्याने ते का घेऊ नये? माझा मामेभाऊ अशाच एका ठिकाणी रोजावर आगटी सांभाळतो. दिवसभर तो कणसे चोळतो आणि पाहुण्यांच्या हातावर ठेवतो. चटके पूर्वीचेच आहेत. फरक इतकाच की, त्याच्या हातावर कणीस चोळून ठेवणारे तेथे कोणी नसते.

आणि हा सारा आनंद आभाळाच्या मर्जीवर. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चमध्ये महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांत गारपीट झाली. काढणीला आलेली पिके आडवी झाली, द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. भिजलेली ज्वारी काळी पडते, तिला बाजारात भाव नसतो. त्या वर्षीच्या सुगीचा विषय आमच्या घरी आजही निघतो.

कडब्याच्या गंजी रचून झाल्या की रान मोकळे होते व बायकांना थोडी उसंत मिळते. तिचाही उपयोग त्या कामासाठीच करतात. तीन दिवस भिजविलेले गहू वाटून कुरडयांचा चीक शिजवला जातो. कुरडया घालण्याआधी वाटीभर गरम चीक साखर घालून पोरांना मिळतो. त्यासाठी पोरे सकाळपासून चुलीभोवती घुटमळतात. हिवाळाभर अंगावर घेतलेल्या गोधड्या ओढ्यावर धुवायला निघतात. ओढ्याला त्या वेळी जेमतेम गुडघाभर पाणी असते. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, म्हणून दोघीजणी दोन टोके धरून ती उलट्या दिशांना पिळतात, पाणी त्यांच्याच पायांवर पडते आणि दोघी हसतात. करंजाला तोवर कोवळी पाने आलेली असतात. त्याच्याच सावलीत भाकरी सोडायची आणि गोधड्या काठावरच्या तापल्या दगडांवर वाळत घालायच्या.