कोहळ्याची शाळा

दिवाळीच्या सुमारास आपल्या वऱ्हाडात घरोघरी कोहळी दिसतात. कुणाच्या गोठ्यावर वेल चढलेला असतो, तर कुणाच्या उकिरड्याच्या कडेने पसरलेला असतो. पुस्तकात याला लाल भोपळा म्हणतात. खानदेशात डांगर म्हणतात. आपण कोहळे म्हणतो. पहिलीतले पोर पुस्तकातले चित्र पाहून म्हणते, "माय, हे तं आपलं कोहळं!" त्याला चूक म्हणू नका. पाटीवर दोन्ही नावे लिहायला लावा.

पोराचा अभ्यास घरी घ्या, असे आम्ही म्हटले की पुष्कळ जण म्हणतात, "आमी काय शिकवणार बाप्पा? आमचीच अक्षरं वाकडी." अक्षरे वाकडी असू द्या. तुम्हाला बी मोजता येते, वजन हाताने ताडता येते, वेलाचे आजार ओळखता येतात. लहान पोराला पहिल्याने हेच हवे असते.

ताराबाई मोडक यांचे नाव आपण ऐकले असेल. लग्नानंतर काही वर्षे त्या आपल्या अमरावतीला राहिल्या होत्या. पुढे 1945 साली त्यांनी बोर्डी या समुद्राकाठच्या गावी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. शहरातल्या बालशाळेची साधने महाग असत. खेड्याला ती कशी परवडणार? म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. मुले त्यांवर मोजायला शिकली. आपल्याकडे शिंपले नाहीत, पण कोहळ्याचे बी आहे.

भाजी तर करायचीच असते. चिरण्याआधी कोहळे पोराच्या पुढ्यात ठेवा. किती किलोचे असेल, ते विचारा. तुम्हीही अंदाज सांगा. मग दुकानातल्या तराजूवर तोलून आणा. भोवती सुतळी गुंडाळा आणि तीच सुतळी पोराच्या कमरेला लावून पाहा. कोण जाड? पोरे यावर फार हसतात. मग सुतळी वितीने मोजायला सांगा. पोराच्या विती जास्त भरतील, तुमच्या कमी. असे का झाले, ते त्यालाच सांगू द्या.

काही घरी कोहळ्याला पहिला चिरा पुरुषाने मारायचा असतो. म्हणजे बापालाही या शाळेतून सुट्टी नाही! विळा मात्र पोराच्या हाती देऊ नका. एकाचे दोन अर्धे, अर्ध्याचे दोन पाव, हे तोंडाने म्हणत म्हणत चिरा.

आतले बी धुऊन सुपात पसरा. ते किती असेल, हे मोजण्याआधी प्रत्येकाने सांगावे. मग पोराने दहा-दहाचे ढीग लावावेत. दहा ढीग झाले की शंभर. आपली म्हातारी माणसे विसाने मोजतात. पाच विसा म्हणजे शंभर. आजीला तिच्या रीतीने मोजू द्या, पोराला शाळेच्या रीतीने. दोघांचा आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजा. कापूस वेचून दमून आलात तरी या खेळाला पाव तास पुरतो. आकडा पोराने पाटीवर लिहावा. तुम्ही तो वाचून दाखवा.

चांगले भरलेले बी सावलीत वाळवा, राखेत घोळवा आणि मडक्यात ठेवा. वर चिठ्ठी टाका: कोहळे, बिया 20. मृगाचा पाऊस पडला की पोराच्या हाताने लावा. आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो. रोज सकाळी त्याची उंची बोटांनी मोजून पाटीवर लिहायला सांगा.

वेलाला फुले आली की खरी गंमत सुरू होते. काही फुलांखाली नुसता देठ असतो. ती नर फुले. काहींखाली गोटीएवढे कोहळे असते. ती मादी फुले. मधमाशी नराचे पिवळे पराग मादीवर नेते, तेव्हा फळ धरते. कोवळ्या फळाला बोट दाखवले तर ते गळते, असे जुनी माणसे म्हणतात. बोटाने काही होत नाही. पराग मिळाले नाहीत की ते फळ पिवळे पडून गळते. पोराला हे हाताने करून पाहू द्या. सकाळी फुले उमललेली असतात, दुपारी मिटतात. म्हणून सकाळीच एक नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्ये हळूच फिरवावा. त्या फळाच्या देठाला दोरा बांधून ठेवा, म्हणजे ओळखू येईल.

ते फळ नारळाएवढे झाले की बाभळीच्या काट्याने त्याच्या सालीवर पोराचे नाव लिहा. काटा सालीवरूनच फिरवा, आत खुपसू नका, नाहीतर फळ सडेल. ओरखडा सुकून खपली धरते आणि कोहळ्याबरोबर अक्षरेही मोठी होत जातात. हे नाव पुसता येत नाही. म्हणून आधी पाटीवर दोन-चार वेळा काढून पाहा.