तंतुकणिकाजन्य स्नायुविकार आणि प्रसूतीतील भूल

पेशीतील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने आहारघटकांपासून ऊर्जा निर्माण करतात. हे कार्य बिघडले म्हणजे स्नायू, हृदय व मेंदू प्रथम पीडित होतात आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचते. असे विकार सुमारे ५००० व्यक्तींत एकास आढळतात. तंतुकणिकेच्या जनुकसूत्रातील ३२४३ क्रमांकाच्या स्थानी होणारा बदल व ‘मेलास’ हा विकार यांचा संबंध १९९० साली दाखविला गेला. तंतुकणिकेतील जनुकदोष मातेकडून अपत्याकडे जातो. म्हणून अल्पश्रमाने थकवा, पापण्या गळणे, तरुणपणीच बहिरेपणा व मधुमेह ही लक्षणे गर्भिणीत व तिच्या मातृकुलात आढळल्यास केवळ पांडुरोग वा अशक्तपणा समजून बल्य कल्प देत राहू नये.

कळांमधील वेदना, भय व श्रम यांमुळे प्राणवायूची मागणी वाढते. या रुग्णेत त्यामुळे आम्लवृद्धी होऊन श्वसन क्षीण होऊ शकते. वेदनाशमन हा येथे चिकित्सेचाच भाग ठरतो. प्लेटलेटसंख्या व रक्तस्कंदन योग्य असल्यास कळांच्या आरंभीच दिलेली एपिड्यूरल भूल बहुधा श्रेयस्कर असते. सिझेरियन करावे लागल्यास तीच वाढविता येते व पूर्ण भूल बव्हंशी टळते. पूर्ण भूल अपरिहार्य झाल्यास भूलतज्ज्ञ पुढील बाबी सांभाळतात :

१) सक्सिनिलकोलीनने रक्तातील पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो.
२) इतर स्नायुशिथिलकांचा परिणाम लांबू शकतो.
३) प्रोपोफॉल दीर्घकाळ शिरेतून देणे टाळले जाते.

गर्भिणीच्या वाढलेल्या रक्तदाबात झटके टाळण्यासाठी देण्यात येणारे मॅग्नेशियम सल्फेट दुर्बल स्नायूंना अधिक दुर्बल करते, हेही ध्यानी असावे.

हे सर्व नियोजन कळा सुरू झाल्यावर होत नाही. संशय येताच रुग्णेस भूलतज्ज्ञ व हृदयतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावे. ईसीजी व इकोतपासणी तेथे वेळेवर होईल. लंघन व व्रताचे उपवास कटाक्षाने वर्ज्य करावेत. उपाशी ठेवणे भाग पडल्यास रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज देतात. रिंगर लॅक्टेट सहसा टाळतात.

औषधालयचालकांनीही दक्ष असावे. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्य असते व मद्याने लॅक्टेट वाढते. म्हणून सूतिकेसाठी नित्य मागितले जाणारे दशमूलारिष्ट अशा रुग्णेस तज्ज्ञांस विचारल्याविना देऊ नये. लशुनकल्प प्लेटलेटच्या कार्यावर परिणाम करतात; एपिड्यूरलपूर्वी त्यांची माहिती भूलतज्ज्ञास हवी. व्हाल्प्रोएट व मेटफॉर्मिन या विकारात घातक ठरू शकतात. ती परस्पर देऊ नयेत, परंतु चालू असल्यास परस्पर बंदही करू नयेत.

रुग्णेसोबत चिठ्ठी द्यावी. तीत लक्षणे, मातृकुलातील इतिहास आणि चालू असलेला प्रत्येक कल्प मात्रेसह नोंदवावा. रात्री अपरात्री कळा सुरू झाल्या तरी ही चिठ्ठी भूलतज्ज्ञास मार्ग दाखवील.