उचकी लागली तर...



आपल्याकडे उचकी लागली की लोक आधी औषध शोधत नाहीत, आठवण काढणारा शोधतात. "कोण रे तुजी याद काडटा?" असे म्हणत आजी एकेक नाव घेते. मामा, मावशी, मुंबईचा काका. ज्याच्या नावाला उचकी थांबेल, त्याने आठवण काढली! हा खेळ लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलाला उचक्या देतो म्हणून वर्गाबाहेर उभे केले होते. मुले हसत होती आणि मला तो चावटपणा वाटला. बाहेरही त्याच्या उचक्या चालूच होत्या, खिडकीतून ऐकू येत होत्या. नळ दहा पावलांवर होता. पण "जागचा हलू नकोस" असे मीच सांगितले होते, म्हणून तो तास संपेपर्यंत हलला नाही. ते अजून मनाला लागते.

उचकी कोणी मुद्दाम देत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. तो अचानक आकुंचन पावतो, हवा जोराने आत ओढली जाते आणि त्याच क्षणी स्वरयंत्राचे दार बंद होते. 'हिक्' आवाज येतो तो त्या दाराचा. घाईघाईने खाणे, भराभर पाणी पिणे, सोडा, तिखट, फार हसणे ही नेहमीची कारणे. मधल्या सुट्टीत मैदान गाठण्यासाठी भाजीपावाचे दोन घासांत तीन घास करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आईच्या पोटातल्या बाळालाही उचक्या येतात.

आता उपाय. श्वास थोडा वेळ रोखून धरावा, म्हणजे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि श्वासपटल शांत होण्यास मदत होते. गार पाण्याचे लहान लहान घोट सलग घ्यावेत, किंवा गुळण्या कराव्यात. चमचाभर कोरडी साखर जिभेवर ठेवून गिळावी. घशामागच्या मज्जातंतूंना चाळवले की उचकीचे चक्र तुटते, असे मानतात. १९७१ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी वीस रुग्णांना साखर दिली, त्यांपैकी एकोणीस जणांची उचकी थांबली. आपल्या घरांत वेलची चघळतात, सुंठ मधात चाटवतात. गंमत अशी की ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या 'सिंपोजियम' या ग्रंथात नाटककार ॲरिस्टोफेनिसला ऐन बोलण्याच्या वेळी उचकी लागते आणि शेजारी बसलेला वैद्य त्याला श्वास रोखायला, गुळण्या करायला आणि तरीही न थांबल्यास नाकाला गुदगुल्या करून शिंकायला सांगतो. त्याची उचकी शिंकेनेच थांबते.

मग यांतला खरा उपाय कोणता? येथे आजीचा खेळ आठवा. साधी उचकी बहुधा काही मिनिटांत आपोआपच थांबते. त्या क्षणी तोंडात साखर असेल तर श्रेय साखरेला, काकाचे नाव असेल तर काकाला! सर्व उपाय अगदीच खोटे आहेत असे मी म्हणणार नाही, पण कोणाचीच पक्की खात्री देता येत नाही. निरुपद्रवी असेल ते करून पाहावे, इतकेच.

काही गोष्टी मात्र करू नयेत. मित्राच्या तोंडात घास असताना त्याला दचकवू नका. घास श्वासनलिकेत अडकू शकतो. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी कधीही घालू नका. डोळ्यांची बुबुळे दाबणे हा जुना उपायही धोक्याचा आहे. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. तान्ह्या बाळाला उचकी लागली तर उभे धरून पाठीवर हळूच थोपटून ढेकर काढावा, तेवढे पुरते.

घरातील वडीलधाऱ्यांबाबत पालकांनी अधिक सावध राहावे. चरकसंहितेत हिक्केचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत घाईच्या खाण्यापिण्याने होणारी 'अन्नजा' आहे, तशी प्राणावर बेतणारी 'महाहिक्का'ही आहे. आजचे डॉक्टरही दोन दिवसांपेक्षा, म्हणजे ४८ तासांपेक्षा, जास्त चाललेली उचकी वेगळी मोजतात. तिच्यामागे मूत्रपिंड, यकृत किंवा मेंदूचा विकार असू शकतो. अशा वेळी साखर-वेलचीत दिवस घालवू नयेत. उचकीबरोबर छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, हातापायाची ताकद जाणे असे काही दिसले तर दोन दिवसही थांबू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

शिक्षकांसाठीही एक गोष्ट. २०१८ साली 'हिचकी' नावाचा हिंदी चित्रपट आला. हिचकी म्हणजे उचकीच. पण त्यातील शिक्षिकेला टुरेट सिंड्रोम असतो, म्हणून तिच्या तोंडून असे आवाज आपोआप निघतात. एखादे मूल आठवडेच्या आठवडे तसाच आवाज काढत असेल, मान झटकत असेल, तर शिक्षा करण्याआधी पालकांशी बोलावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आणि मुलांनो, वर्गात उचकी लागली तर हात वर करून परवानगीची वाट पाहू नका. सरळ नळावर जा, पाणी प्या आणि परत येऊन बसा. तसे सर्व शिक्षकांना सांगून ठेवले आहे.