बॅटरीवरची मशीन : जपली तर भांडवल, नाही तर भंगार

सुतार, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारे, पीओपीचे कारागीर, फॅब्रिकेशनवाले असे आपले अनेक बंधू गेल्या काही वर्षांत बॅटरीवरच्या मशीनकडे वळले आहेत. कारण उघड आहे. सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी नव्या बांधकामावर अनेकदा मीटरच बसलेले नसते. आसपासच्या खेड्यात काम निघाले तर वीज कधी येईल आणि कधी जाईल, याचा भरवसा नसतो. खांद्यावरच्या पिशवीत ड्रिल आणि दोन बॅटऱ्या असल्या की कारागीर कोणावर अवलंबून राहत नाही.

परंतु मशीन दहा वर्षे टिकते आणि बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. नवी बॅटरी घ्यायची तर मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा मोजावा लागतो. ही बॅटरी वापराने जेवढी झिजते, त्याहून अधिक चुकीच्या सवयीने मरते, असे आमचे म्हणणे आहे. म्हणून तिची जात, तिचे शत्रू आणि तिचा हिशेब आपण क्रमाने समजून घेऊ.

जुनी जात आणि नवी जात

बॅटरीवर चालणारे ड्रिल ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियमचे सेल होते. पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ हीच जात चालली. या सेलला ‘सवय’ लागते. अर्धवट उतरवून वारंवार भरले तर तो तेवढीच वीज देऊ लागतो. म्हणून जुन्या मिस्त्रींनी नियम घालून दिला की, बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा.

लिथियम-आयन सेल सोनी कंपनीने १९९१ मध्ये विक्रीला आणला. याच सेलच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये हाच सेल असतो. त्याला ‘सवय’ लागण्याचा प्रश्न जवळजवळ नाही. उलट पूर्ण उतरवणे हेच त्याला घातक आहे. एका सेलचा दाब अडीच व्होल्टच्या खाली गेला आणि तसाच राहिला, तर आतील तांबे विरघळू लागते आणि सेल कायमचा निकामी होऊ शकतो. जुना नियम नव्या बॅटरीला लावणे हे अनेक बॅटऱ्या लवकर बसण्याचे मोठे कारण आहे.

आपली बॅटरी कोणत्या जातीची, हे तिच्या लेबलवर लिहिलेले असते. ते आधी वाचावे. कोणाकडे अजून जुनी निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल, तर मशीनचा वेग मंदावताच थांबून ती भरावी. बटण बांधून ठेवून तिला शून्यावर नेऊ नये. त्यानेही आतले सेल उलटे होऊन खराब होतात.

सर्वांत मोठा शत्रू : ऊन

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या शेडखाली आणि उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिक्कीत त्याहूनही अधिक. लिथियम सेलला साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असे मानले जाते. अनेक कंपन्या तर ४० अंशांचीच मर्यादा सांगतात. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी बॅटरी चार्जिंगला लावणे हेच मुळात चूक आहे.

नुसती ठेवलेली बॅटरीही उष्णतेने झिजते आणि ती पूर्ण भरलेली असेल तर अधिक झिजते. कोबाल्ट असलेला लिथियम सेल ४० अंशात वर्षभर ठेवला, तर पूर्ण भरलेल्या सेलची सुमारे ३५ टक्के ताकद जाते. ४० टक्के भरलेल्याची सुमारे १५ टक्केच जाते. काम नसताना बॅटरी भरून ठेवणे म्हणजे तयारी नव्हे, नुकसान आहे.

पाळावयाचे नियम

१) उन्हाळ्यात फजरच्या नमाजनंतर चार्जिंगला लावावे. हवा थंड असते आणि आपण जागेही असतो. रात्री लावून झोपू नये.

२) कामावरून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नये. अर्धा-पाऊण तास सावलीत ठेवावी, हाताला गार लागली की मग लावावी. चांगला चार्जर गरम बॅटरी स्वतःच थांबवून धरतो. स्वस्त चार्जरला ती अक्कल नसते.

३) थंड करण्यासाठी ओले फडके गुंडाळू नये, फ्रीजमध्ये ठेवू नये. आत ओल धरली की सर्किट जाते.

४) मशीनचा जोर कमी झाला की बॅटरी बदलावी. ‘आणखी दोन स्क्रू’ म्हणून पिळून घेऊ नये.

५) चार्ज पूर्ण होताच बॅटरी काढावी. मध्येच लाईट गेली तर या बॅटरीचे काही बिघडत नाही. अर्धी भरलेली बॅटरीही कामाला न्यावी.

६) रमजान-ईदची सुट्टी असो वा पावसाळ्यातील मंदी, महिनाभर काम नसेल तर बॅटरी निम्मी भरून, मशीनमधून काढून, घरातील थंड कोरड्या जागी ठेवावी. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावे.

७) चार्जर लाकडाच्या भुशावर, गादीवर किंवा थिनरच्या डब्याजवळ ठेवू नये. शहाबादी फरशीचा तुकडा खाली घ्यावा. फुगलेली, आपटलेली किंवा वास येणारी बॅटरी चार्जिंगला मुळीच लावू नये.

हिशेब

व्होल्टला अँपिअर-तासाने गुणले की बॅटरीतील विजेचा साठा कळतो. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-तास. ६०० वॅट ओढणारे ग्राइंडर तिच्यावर पूर्ण भाराने चालवले तर ती चार मिनिटेही पुरत नाही आणि तापून जाते. म्हणून लहान बॅटरी ड्रिलला, मोठी ग्राइंडरला, असा भेद करावा.

चार अँपिअर-तासाची बॅटरी भरायला साधारण एक दशांश युनिट वीज लागते. म्हणजे खरा खर्च विजेचा नाही, सेलचा आहे. समजा, बॅटरी ३,००० रुपयांना घेतली. ती ५०० वेळा भरली तर प्रत्येक वेळचा खर्च ६ रुपये. १५० वेळांतच बसली तर २० रुपये. हा खर्च मजुरीच्या दरात धरला पाहिजे. तो न धरणारा कारागीर नवी बॅटरी घेताना घरखर्चातून पैसे काढतो आणि धंद्यात बरकत नाही म्हणतो.

दुकानदार बंधूंसाठी

लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा धरतात. पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर तेच पाच सेल २१ व्होल्टपर्यंत दाखवतात. म्हणून एकाच प्रकारच्या बॅटरीवर कोणी १८, कोणी २०, कोणी २१ लिहितो. डिवॉल्ट कंपनी अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिते आणि युरोपात १८. इथवर समजण्यासारखे आहे.

परंतु बाजारात ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ असे छापलेल्या स्वस्त बॅटऱ्या येतात. ‘व्हीएफ’ हे व्होल्टचे माप नाही. अशा अनेक बॅटऱ्यांत तेच पाच सेल असतात, कधी खोक्यात निम्मी जागा रिकामी असते. हा आकडा दाखवून गिऱ्हाइकाला ८८ व्होल्ट सांगणे हे तराजूत काटा मारण्यासारखेच आहे. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनमध्ये ‘अल-मुतफ्फिफीन’ ही स्वतंत्र सूरह आहे. मालातील ऐब लपवणे आपल्या धर्माने नाजायज ठरवले आहे. स्वस्त माल विकण्यास हरकत नाही. पण आत किती सेल आहेत, खरा दाब किती, वॉरंटी आहे की नाही, हे सांगून विकावा. लहान गावात गिऱ्हाईक एकदा फसते, मग ते परळीला जाऊन खरेदी करते.

दुरुस्ती आणि भंगार

बसलेल्या बॅटरीत नवे सेल टाकून देणारे कारागीर आता तालुक्याच्या गावीही आहेत. हा चांगला रोजगार आहे. मात्र सर्व सेल एकाच बनावटीचे, एकाच क्षमतेचे आणि जास्त प्रवाह झेपणारे असावेत. लॅपटॉपमधून काढलेले सेल ग्राइंडरचा भार सोसत नाहीत. पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडावी, सेलवर थेट कथिलाची कावी टेकवू नये. संरक्षक सर्किट वगळून काम भागवणे म्हणजे आगीला आमंत्रण. पूर्ण मेलेल्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीचा झटका देऊन उठवण्याचा प्रकारही तितकाच धोक्याचा आहे.

निकामी बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी. भंगाराच्या व्यवसायातील बंधूंनी ती हातोडीने फोडू नये आणि जाळू नये. कॅडमियम विषारी आहे आणि लिथियम सेल फुटला की पेट घेतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदारांनी आपल्या वितरकाकडे त्याची मागणी करावी.

जपून वापरले तर एका बॅटरीत दोन बॅटऱ्यांचे काम होते. आपल्या दीनने इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत केली आहे आणि अवजार हे कारागिराच्या रोजीचे साधन आहे. मालकाने हाताखालच्या मुलाला मशीन देताना हे नियमही शिकवावेत. मुलानेही मालकाचे मशीन अमानत समजून वापरावे. अल्लाह आपल्या कष्टात बरकत देवो.