सीताफळाचा हिशेब : उद्योजकतेचा पहिला धडा

उद्योजकता हा विषय वाणिज्य शाखेत शिकवला जातो. व्याख्या पाठ होतात, उद्योजकाचे गुण क्रमवार लिहिले जातात, मार्कही मिळतात. तरीही बी.कॉम. झालेला तरुण नोकरीच्या अर्जापलीकडे जात नाही. आमच्या मते यात दोष मुलांचा नाही. धडा फळ्यावर संपतो, बाजारापर्यंत जात नाही.

बीड तालुक्यातील लिंबागणेशचे उदाहरण घेऊ. गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ पिकते नेमके दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि त्याच दिवसांत या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. कॉलेजात नाव असलेला मुलगाही अनेकदा कोयता हाती घेतो. म्हणून इथे उद्योजकतेचा तास हा शोभेचा विषय नाही.

विद्यार्थ्यांपुढे पुढील गणित ठेवावे. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, २०० किलो सीताफळ ३० रुपये किलोने घेतले. खरेदी ६,००० रुपये. गाडीभाडे, हमाली व क्रेट मिळून आणखी १,००० रुपये. बहुतेक मुले ७,००० ला २०० ने भागून ३५ रुपये पडते सांगतील आणि ४० रुपयांना विकून किलोमागे पाच रुपये नफा मोजतील. पण झाडावरून उतरलेले सीताफळ चार-दोन दिवसांत मऊ पडते. ३० किलो माल दबून वाया गेला, तर विकायला उरतो १७० किलो. त्याचे ४० रुपयांनी ६,८०० आले. म्हणजे २०० रुपये अंगावर पडले, आणि स्वतःची मजुरी तर अजून धरलेलीच नाही! माल आणखी एक दिवस अडकून ६० किलो गेला, तर पडते ५० रुपयांवर जाते.

आपल्या समाजातील बागवान मंडळींना हे कोणी शिकवावे लागत नाही. घट किती धरायची, हे ते माल पाहून सांगतात. त्यांचीच मुले मात्र ‘परिव्यय लेखांकना’चा पेपर सोडवतात आणि वडिलांना पडते कसे काढता, हे विचारत नाहीत. प्राध्यापकांनी अशा एखाद्या व्यापाऱ्याला वर्गात बोलवावे.

गर काढून विकू, असे कोणी म्हणेल. विचार चांगला आहे. पण सीताफळाचा गर तापवला की कडवटपणा येतो आणि उघडा राहिला तर काळा पडतो. तो गोठवूनच ठेवावा लागतो. म्हणजे फ्रीझर, वीजबिल आणि वीज गेल्यास जनरेटर. हे खर्च आधी वहीत मांडावेत, नंतर बँकेत जावे.

जोखीम घेणे शिकवता येते का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात आंध्रातील काकीनाडा येथील व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन याचा अभ्यास केला. खुंटीवर कडी फेकण्याचा त्यांचा खेळ प्रसिद्ध आहे. यशाची ओढ असणारा माणूस अगदी जवळून फेकत नाही आणि नशिबावर हवाला ठेवून फार लांबूनही नाही. जमेल पण कस लागेल, एवढे अंतर तो निवडतो. हा खेळ कोणत्याही वर्गात होऊ शकतो. पहिल्या हंगामात २०० किलो घ्यायचे की दोन टन, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) स्थापन झाले. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील अल्पसंख्याक अर्जदारासाठी ३५ टक्के अनुदान आणि ५ टक्के स्वभांडवल अशी तरतूद ठेवली गेली. एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी : हे अनुदान रोख हाती पडत नाही. ते तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून राहते. तोवर हप्ता धंद्यातूनच निघायला हवा, आणि तो निघेल का, हे वरच्या वहीतच दिसते.