परसातील पाहुणी : महापतंगाची अळी

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर जांबोटी हे खानापूर तालुक्यातील गाव आहे. पुढे कणकुंबीस मलप्रभेचा उगम होतो. सह्याद्रीच्या या दाट रानाने वेढलेल्या भागात घरामागच्या पेरूवर, लिंबावर अथवा दालचिनीवर एखाद्या सकाळी बोटाएवढ्या जाडीची, वीतभर भासणारी हिरवट अळी दृष्टीस पडली, तर घरातील मंडळी दचकतात. कोणी काठी शोधतो, कोणी फवारणीचे औषध आणतो. तथापि, घाईने तिचा नाश करण्यापूर्वी तिची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पूर्ण वाढलेली ही अळी सुमारे १० सेंटिमीटर लांब असते. अंग निळसर हिरवे, पाठीवर मऊ मांसल काटे आणि त्यांवर पिठासारखी पांढरी पूड. झाडाखाली पडलेल्या जाड लेंड्यांवरूनही ती ओळखू येते. हे काटे विषारी नसतात. मात्र त्रास दिल्यास ती उग्र वासाचा द्रव सोडते, म्हणून तिला हाताळू नये. अंगाला खाज आणणारे केसाळ सुरवंट निराळे. त्यांच्यापासून मुलांना दूर ठेवावे, परंतु त्यांचा दोष या अळीच्या माथी मारू नये.

ही अळी पुढे अ‍ॅटलास पतंग होते. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ मध्ये या पतंगाचे शास्त्रीय नामकरण केले. दक्षिण भारत व श्रीलंका येथे याच कुळीचा, दिसण्यात तसाच असलेला पतंग आढळतो. पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे २४ सेंटिमीटर भरते. पंखांच्या तांबूस तपकिरी रंगावर काचेसारखे पारदर्शक त्रिकोण असतात आणि पुढील पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी दिसतात.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी महिनाभराहून अधिक काळ केवळ पाने खाते व अनेक वेळा कात टाकते. नंतर पानाच्या आधाराने ती तपकिरी रेशमी कोश विणते. त्यातून साधारणपणे चार आठवड्यांनी पतंग बाहेर येतो. विशेष हे की, या पतंगास अन्न घेण्याजोगे तोंडच नसते. जोडीदार शोधणे व अंडी घालणे एवढ्याचसाठी तो आठ-पंधरा दिवस जगतो. मादीचा गंध नर आपल्या पिसासारख्या मिशांनी दूरवरून ओळखतो. या सर्व धावपळीची शिदोरी अळीने खाल्लेल्या पानांतच साठविलेली असते. अळीस पाने मिळाली नाहीत, तर पतंगास पुढे ती उणीव भरून काढता येत नाही.

विदर्भातील भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली भागात ऐन व अर्जुन या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळल्या जातात. त्या याच कुलातील होत. ज्या कुलाने तेथील रानातील कुटुंबांना रोजगार दिला, त्याच कुलातील ही परसातील पाहुणी आहे.

मग करावे काय ? मोठे झाड काही फांद्यांची पाने गेली तरी पुन्हा पालवते. तेथे अळीस राहू द्यावे. नुकतेच लावलेले कलम असेल, तर ती बसलेली डहाळी हळुवार कापून त्याच जातीच्या मोठ्या झाडावर अडकवावी. औषध फवारू नये. त्याने पक्षी व मधमाश्यांसही अपाय होतो. रात्री अंगणातील अनावश्यक दिवा मालवावा. दिव्याभोवती घिरट्या घालण्यात पतंगाचे मोलाचे दिवस वाया जातात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना झाडापाशी नेऊन दररोज अळीची लांबी अंदाजे मोजावयास, खाल्लेली पाने टिपावयास व कोश झाल्याची तारीख वहीत नोंदवावयास सांगावे. पुस्तकातील रूपांतराचा पाठ येथे फांदीवर प्रत्यक्ष घडत असतो. २०११ साली घोषित झालेले भीमगड अभयारण्य याच तालुक्यात आहे. पण रानाचे रक्षण अभयारण्याच्या सीमेवरच सुरू होते असे नव्हे. ते आपल्या परसातील पेरूपासूनही सुरू होऊ शकते.