जुना लेथ, नवे नियंत्रण

किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहर येथे लेथचा कारखाना काढला. असे जुने, दणकट लेथ आजही चालतात. काहींचे हँडल काढून मोटर व संगणक-नियंत्रण बसवितात. मग एक जॉब बरोबर उतरतो, दुसरा भंगारात जातो. नार्नूरहून कारखान्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की संगणकातील आकडे लगेच बदलू नयेत. आधी डायल गेज लावावे.

क्रॉस स्लाइड एकाच बाजूने पुनःपुन्हा त्याच आकड्यावर आणावी. काटा जागेवर आला, पण उलट बाजूने आणता फरक पडला, तर तो स्क्रू व नट यांतील खेळ होय. जॉब फिरत असल्यामुळे ०.०२ मिलिमीटरचा खेळ व्यासात ०.०४ होतो. फरक फेरीगणिक वाढतच गेला, तर मोटरचे कपलिंग घसरते काय ते पाहावे. तासाभराने वाढ थांबली, तर कारण उष्णता समजावे: ३०० मिलिमीटर लांबीचा पोलादी स्क्रू १० अंश सेल्सिअसने तापला, की सुमारे ०.०३५ मिलिमीटर वाढतो. गेज दोष दाखवीत नाही, तरी जॉब चुकतो? मग टूलपोस्ट, चक व स्पिंडलचे बेअरिंग तपासावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. न मोजता केलेली दुरुस्ती एक दोष झाकते व दुसरा निर्माण करते.